ग्रीन व्ह्यूचा फ्लॅट आणि १८९६ चा प्लेग

गेल्या रविवारी आम्ही दोघं दादर पूर्वेला, हिंदू कॉलनीत फ्लॅट बघायला गेलो होतो. जुनी तीन मजली इमारत पाडून तिथे टॉवर उभा राहतोय. एजंट आम्हाला अकराव्या मजल्यावर घेऊन गेला आणि म्हणाला, "साहेब, हा ग्रीन व्ह्यू. पैसे याचेच आहेत."

खाली पर्जन्यवृक्षांच्या फांद्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी येऊन एकमेकींत मिसळल्या होत्या. दादर स्टेशन चालत गाठता येतं, तरी गल्ली शांत. बायकोला जागा आवडली, मलाही. रात्री हप्त्यांचा हिशेब मांडत बसलो, पण डोक्यात दुसराच प्रश्न. मुंबईच्या मधोमध अशी गल्ली आली कुठून?

उत्तर प्लेगमध्ये आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून गेले. सरकार हादरलं आणि १८९८ मध्ये 'बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन झाला. उंदीर आणि पिसवांची भूमिका तेव्हा सर्वमान्य झाली नव्हती. कोंदट हवा, अंधार आणि दाटीवाटी हेच रोगाचं मूळ, असं अधिकारी धरून चालले होते. म्हणून ट्रस्टने दाट वस्तीतून रुंद रस्ते काढले. समुद्राचा वारा आत यावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट काढला. आणि उत्तरेला दादर, माटुंगा, शीव इथल्या मोकळ्या जमिनीवर नवी वसाहत आखली.

इथे आधी रस्ते आणि बागा कागदावर आल्या, घरं नंतर. प्लॉटवर किती बांधायचं, बाजूला किती मोकळं सोडायचं, याचे नियम होते. मजले दोन-तीनच. ट्रस्टमध्येच इंजिनिअर असलेल्या मंचरजी जोशी यांनी मध्यमवर्गीय पारशांसाठी प्लॉट मिळवले आणि पारशी कॉलनी उभी राहिली. आजच्या फाइव्ह गार्डन्सला त्यांचंच नाव आहे. शेजारी हिंदू कॉलनी वसली. तिथेच १९३० च्या दशकात बाबासाहेबांनी 'राजगृह' बांधलं, आपल्या हजारो पुस्तकांना जागा होईल असं.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. ट्रस्टने सुरुवातीच्या काळात जितकी गरिबांची घरं पाडली, तितकी बांधून दिली नाहीत. ज्यांच्या खोल्या गेल्या, ते शेजारच्या चाळींत आणखी दाटीने राहिले. स्वच्छ हवेची वसाहत मिळाली ती पगारदार मध्यमवर्गाला. म्हणजे हा ग्रीन व्ह्यू पहिल्या दिवसापासून सगळ्यांसाठी नव्हता.

पुढची गोष्ट आपल्या आजी-आजोबांची. इथली बहुतेक घरं भाड्याची होती. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधली गेली. भाडेकरूला छप्पर टिकलं, पण मालकाला डागडुजी परवडेना. नवीन घर भाड्याने द्यायला कोणी तयार होईना, म्हणून बिल्डर फ्लॅट विकू लागले. त्यात फसवणूक इतकी वाढली की १९६३ मध्ये मोफा कायदा आणावा लागला. जुन्या इमारती मात्र गळत राहिल्या.

म्हणून पुनर्विकासाला सरसकट नावं ठेवणं मला जमत नाही. याच भागात माझी एक मावशी तिसऱ्या मजल्यावर राहते. लिफ्ट नाही, गुडघे गेलेत, पावसाळ्यात हॉलमध्ये दोन बादल्या ठेवते. तिला नवं घर मिळायलाच हवं. जुन्या उपकरप्राप्त इमारतींना ३ किंवा त्याहून जास्त एफएसआय मिळतो, तेव्हा कुठे बिल्डर हात घालतो आणि तिच्यासारख्यांना फुकट घर मिळतं.

अडचण पुढे आहे. हिशेब एकेका प्लॉटचा होतो, गल्लीचा कोणीच करत नाही. तीन मजल्यांच्या जागी वीस मजले आले की पाणी, गटार, गाड्या सगळं वाढतं. रस्ता मात्र ट्रस्टने आखला तेवढाच राहतो. बाजूची मोकळी जागा पार्किंगला जाते. १९७५ चा वृक्ष कायदा परवानगीशिवाय झाड तोडू देत नाही हे खरं, पण पायासाठी खोदताना मुळं तुटली तर ते झाड चार-पाच पावसाळ्यांनी आपोआप पडतं. त्याची नोंद 'वादळात पडलं' अशी होते.

आणि या सगळ्याचा खर्च भरणारा कोण? अकराव्या मजल्यावरून झाडं बघून चेकबुक काढणारा मीच की.

म्हणून काल एजंटला फोन करून तीन गोष्टी मागितल्या : महारेरावरचा मंजूर नकाशा, प्लॉटवरची आणि समोरच्या फुटपाथवरची किती झाडं राहणार ते लेखी, आणि चारही बाजूंना किती फूट मोकळं सोडणार तो आकडा. तो म्हणाला, "साहेब, हे आजवर कोणी विचारलं नाही. लोक मॉड्युलर किचन विचारतात."

फ्लॅट घेणार का, अजून ठरलेलं नाही. पण तुमच्यापैकी कोणी दादर-माटुंग्यात, किंवा कुठल्याही हिरव्या गल्लीत घर बघत असेल, तर हे तीन प्रश्न जरूर विचारा. पाच जणांनी विचारले तर बिल्डर दुर्लक्ष करेल. पन्नास जणांनी विचारले, तर ब्रोशरमध्ये किचनच्या शेजारी झाडांचाही आकडा छापावा लागेल.