फायबर चॅनल ओव्हर इथरनेट

डेटा सेंटरमधील साठवणुकीची आणि इतर डेटाची वाहतूक एकाच इथरनेट जाळ्यावरून नेण्याची पद्धत, संक्षेपाने एफसीओई. फायबर चॅनलची मानके ठरवणाऱ्या अमेरिकेतील टी-११ समितीने २००९ मध्ये एफसी-बीबी-५ या मानकात तिचे तपशील ठरवले.

मोठ्या डेटा सेंटरमध्ये सर्व्हर अनेकदा दोन जाळ्यांना जोडलेला असतो : नेहमीच्या कामासाठी इथरनेट आणि स्टोरेजसाठी फायबर चॅनल. दोन्हींची कार्डे, केबली, स्विच निराळे. बिघाडाच्या तयारीसाठी तेही दुहेरी. दोन्ही कामे करणारे एकच कार्ड बसवून हा पसारा आवरावा, हा एफसीओईचा हेतू.

तांत्रिक अडचणी : बफर भरला की इथरनेट स्विच फ्रेम टाकून देतो आणि टीसीपी ती पुन्हा पाठवतो. फायबर चॅनलमध्ये मात्र समोर जागा असल्याचे क्रेडिट हाती असल्याशिवाय फ्रेम निघतच नाही. फ्रेम गळणार नाही हे त्यात गृहीतच असते. त्यामुळे एकही फ्रेम गळाली, तर मुदत संपेपर्यंत थांबून अख्खी स्कझी आज्ञा (डिस्कला दिलेली वाचन-लेखनाची आज्ञा) पुन्हा द्यावी लागते. लिनक्समध्ये डिस्कसाठी ही मुदत मुळात ३० सेकंदांची असते. चालू डेटाबेसला एवढा खोळंबा परवडत नाही.

इथरनेटवरही फ्रेम गळू नये यासाठी ८०२.१क्यूबीबी हे मानक आले. त्यात वाहतुकीच्या आठ प्राधान्य-वर्गांपैकी हवा तेवढाच वर्ग थांबवता येतो. पण ‘थांबा’ हा निरोप पोहोचेपर्यंत वाटेतला डेटा येतच राहतो. त्याच्यासाठी बफरमध्ये जागा राखावी लागते आणि केबल लांबली की ती वाढते. एक यंत्र मंदावले, तर अडवणूक मागच्या स्विचपर्यंत सरकते आणि त्याच वर्गातील इतरांचीही वाहतूक तुंबते. फायबर चॅनलच्या फ्रेममध्ये २,११२ बाइटपर्यंत डेटा असतो, इथरनेटची नेहमीची मर्यादा १,५००. एफसीओईत ती फ्रेम अख्खी इथरनेटच्या फ्रेममध्ये भरतात, म्हणून वाटेतील प्रत्येक स्विचवर ही मर्यादा वाढवावी लागते. आयपी हेडर नसल्याने एफसीओईची फ्रेम राउटरने पुढे पाठवता येत नाही.

व्यवस्थापन : स्टोरेज सांभाळणारे दोन फॅब्रिक (फायबर चॅनल स्विचांची जाळी) पूर्ण वेगळी ठेवतात आणि बदल क्वचित करतात, नेटवर्क विभागाचे बदल वरचेवर चालतात. एकाच स्विचवर झोनिंग (कोणत्या सर्व्हरला कोणते स्टोरेज दिसावे याची वाटणी) आणि व्हीलॅन (इथरनेट जाळ्याचे आभासी विभाग) आल्यावर बदलाची परवानगी कोणी द्यायची आणि बिघाडाला कोण जबाबदार, हे नव्याने ठरवावे लागते.

सद्यःस्थिती : हे एकत्रीकरण मुख्यतः सर्व्हर ते पहिला स्विच एवढ्याच टप्प्यात रुजले, पुढे फायबर चॅनल बहुधा स्वतंत्रच राहिले. आयएससीएसआय (२००४) व एनव्हीएमई-टीसीपी (२०१८) या स्टोरेजच्या इतर पद्धतींनी गळती भरून काढण्याचे काम टीसीपीवर सोपवले. इथरनेटवरील आरडीएमए (दुसऱ्या यंत्राच्या मेमरीत थेट वाचन-लेखन), म्हणजे आरओसीई, वापरणाऱ्या जाळ्यांत मात्र वर्गवार थांब्यांचे हेच प्रश्न पुन्हा उद्भवले.