अझोला : भातखाचरापासून गोठ्यापर्यंत – एक ऐतिहासिक आढावा

दुभत्या जनावरांच्या आहारात पाणवनस्पतींचा वापर हे कृषिविस्ताराच्या पुस्तिकांतून एक नवे तंत्र म्हणून मांडले जाते. अझोलाच्या बाबतीत हा दावा अर्धाच खरा आहे. लामार्क या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने १७८३ मध्ये या तरंगत्या नेचेवर्गीय वनस्पतीच्या वंशाला नाव दिले. परंतु तिचा खरा इतिहास चीन व उत्तर व्हिएतनाममधील भातखाचरांत घडला. तिच्या पानांच्या पोकळीत राहणारे नील-हरित शैवाल हवेतील नत्र स्थिर करते. त्यामुळे तेथील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या ती हिरवळीचे खत म्हणून वाढवीत आले. डुकरे व बदके यांनाही ती घातली जाई. दुग्धव्यवसाय मात्र त्या कृषिसंस्कृतीत गौण होता. अझोलाचा गोठ्याशी ठळक संबंध जोडला गेला तो प्रामुख्याने भारतात.

तोही सरळ मार्गाने नव्हे. कटक येथील केंद्रीय भात संशोधन संस्थेत १९७० च्या दशकात पी. के. सिंह यांनी अझोलावर जे कार्य केले, ते जैविक खत म्हणूनच. स्वस्त युरियापुढे हे खत फारसे टिकले नाही. पुढे कन्याकुमारी येथील विवेकानंद केंद्राच्या नैसर्गिक संसाधन विकास प्रकल्पात पी. कमलासनन पिल्लै यांनी तिचा पशुखाद्य म्हणून पुरस्कार केला. प्लॅस्टिक कागद अंथरलेल्या खड्ड्यात चाळलेली माती, शेण, थोडे सुपर फॉस्फेट व वीतभराहून कमी पाणी, इतक्या साहित्यात ती वाढते. रोज दीड ते दोन किलो अझोला दिल्यास दूध १५ ते २० टक्के वाढते, असा निष्कर्ष या प्रकल्पाने मांडला आणि तो देशभर उद्धृत झाला.

या आकड्याची छाननी आवश्यक आहे. ताज्या अझोलात ९० टक्क्यांहून अधिक पाणीच असते. दोन किलोंत शुष्क पदार्थ सुमारे १०० ते १४० ग्रॅम व प्रथिने जेमतेम २५ ते ३५ ग्रॅम भरतात. गाईच्या एक लिटर दुधातच सुमारे ३३ ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे दहा लिटरच्या गाईचे दीड-दोन लिटर दूध केवळ या प्रथिनांवर वाढणे शक्य नाही. मूळ आहारात खनिजे वा जीवनसत्त्वांची उणीव असेल, तेथे ती भरून निघाल्याने फरक पडत असावा, हे अनुमान अधिक सयुक्तिक वाटते.

महाराष्ट्रातील उत्पादकाचा प्रश्न आणखी वेगळा आहे. संकलन केंद्रावर गाईच्या दुधाचा भाव फॅट व एसएनएफ पाहून ठरतो, ३.५ आणि ८.५ हे आकडे गवळ्याला तोंडपाठ असतात. फॅट मुख्यतः चाऱ्यातील तंतुमय भागाच्या पचनावर अवलंबून असते, आणि मूठभर शुष्क अझोला कडब्याची जागा घेऊ शकत नाही. सरकी पेंडीचा काही भाग वाचविणे, एवढीच अपेक्षा वाजवी ठरते. त्यातही ही वनस्पती २० ते ३० अंश तापमानात उत्तम वाढते. विदर्भ-मराठवाड्यातील मे महिन्यात, हिरव्या चाऱ्याची टंचाई सर्वाधिक असताना, सावलीच्या जाळीविना तिचे खड्डे तग धरीत नाहीत.