मानेवरच्या गाठी आणि उजेडाचा इलाज

दिंद्रुडला गेलो की मामूंच्या मानेकडे नजर जातेच. मागे केस संपतात तिथे टणक गाठींची रांग आहे. वीस वर्षं ते हज्जामाच्या वस्तऱ्याला दोष देत आलेत. मागच्या खेपेला म्हणाले, "शहरात म्हणे उजेडानं हे बरं करतात. माझी मान तर जन्मभर उन्हातच आहे, मग?"

प्रश्न बिनतोड होता.

हा आजार नवा नाही. 1869 मध्ये व्हिएन्नाच्या मॉरित्झ कापोसींनी त्याची नोंद केली. केसाच्या मुळाशी सूज येते, ती भरताना त्वचा जास्तीचं कोलॅजन साठवते आणि गाठ दगडासारखी होते. कुरळ्या केसांच्या पुरुषांत जास्त. अगदी बारीक हजामत आणि कॉलरची घासण यानं ते चिघळतं. एकट्या वस्तऱ्याचा गुन्हा नाही.

उजेडाचा इलाज मात्र फार जुना. बावची वापरून कोड उन्हात धरायची रीत आपल्याकडचे वैद्य आणि हकीम दोघेही जाणत. 13व्या शतकात इब्न अल-बैतार यांनी आपल्या औषधी कोशात 'आत्रिलाल' या बियांची हकीकत लिहिली. उत्तर आफ्रिकेतली एक बर्बर जमात हे बी देऊन कोडाचे डाग उन्हात धरायला लावी, आणि नुस्खा गुपित ठेवी. 1940च्या दशकात कैरोत अब्देल मोनेम अल-मुफ्ती यांनी याच बियांतलं द्रव्य रुग्णांवर वापरलं. दरम्यान डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांना त्वचेच्या क्षयावरील प्रकाशोपचारासाठी 1903चं नोबेल मिळालं होतं. प्रकाशोपचाराचा इतिहास बहुतेक वेळा तिथूनच सुरू करतात, हे मला खटकतं.

मानेच्या गाठींवर 2014 मध्ये अमेरिकेत एक चाचणी प्रसिद्ध झाली. 11 रुग्ण, डोक्याच्या मागच्या भागावर अतिनील-बी किरण. 16 आठवड्यांत गाठी जवळपास निम्म्या झाल्या. हे किरण त्वचेतली कोलॅजन तोडणारी विकरं वाढवतात. माणसं फार थोडी, म्हणून हुरळून जाऊ नये.

उन्हातही ते किरण असतात. पण सकाळी वेगळे, दुपारी वेगळे. यंत्र ठरलेला पट्टा मोजून फक्त गाठीवर टाकतं. आणि शेतात मामूंची मान असते रुमालाखाली, घामात घासत.

त्यांना म्हटलं, अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजात त्वचेच्या डॉक्टरांना आधी दाखवा.

"आणि हज्जामाला काय सांगू?"

"वस्तरा लावू नको म्हणा. मशीनही जरा वरूनच फिरव."