फ्यूजच्या पलीकडे

घरातला फ्यूज उडाला तर घरमालकाने तो स्वतः बांधावा की वायरमनला बोलवावे? भारतात या प्रश्नाचे उत्तर कायद्याने 1956 सालीच देऊन ठेवले आहे. त्या वर्षीच्या भारतीय वीज नियमांतला 45 वा नियम सांगत होता, की वीजजोडणीचे कोणतेही काम परवानाधारक ठेकेदाराने, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परमिटधारक माणसाकडूनच करून घ्यावे. सूट होती ती दिवा, पंखा, फ्यूज, स्विच आणि घरगुती उपकरणे बदलण्यापुरती. तीही जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलणार नाही, या अटीवर. म्हणजे जळलेला होल्डर मालकाने खुशाल बदलावा. पण कूलरसाठी नवा पॉइंट काढला की हद्द ओलांडली.

ही हद्द कागदावर स्वच्छ दिसते. घुग्घुससारख्या गावात ती पुसट होत गेली, त्याला कारण गावाचा घडण्याचा इतिहास.

चंद्रपूरहून वणीकडे जाताना वर्धा नदीच्या अलीकडे घुग्घुस लागते. वर्धा खोऱ्यातल्या कोळशावर भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे थिओडोर ह्यूज यांनी 1877 मध्ये सविस्तर लिहिले होते. वरोऱ्याची सरकारी खाण 1871 पासून 1906 पर्यंत चालली. पुढे घुग्घुस परिसरात खाणी वाढल्या, 1973 च्या राष्ट्रीयीकरणानंतर त्या सरकारी झाल्या आणि वेस्टर्न कोलफील्ड्सकडे आल्या. एसीसीचा सिमेंट कारखाना आला, लॉइड्स मेटल्सचा स्पंज आयर्न कारखाना आला. मोटारी, स्विचगिअर आणि केबल हाताळणारी माणसे अशा गावात गल्लोगल्ली सापडतात. आयटीआय झालेला फिटर शेजारी राहत असेल, तर बोर्ड दुरुस्त करायला ठेकेदाराला पैसे कोण देणार?

गंमत अशी, की घरासाठीचा 45 वा नियम आणि खाणीतल्या विजेची जादा खबरदारी हे दोन्ही 1956 च्या एकाच पुस्तकात होते. खाणींसाठी त्यात वेगळे दहावे प्रकरण होते. खाणीत अधिकृत माणसाशिवाय विजेच्या यंत्राला हात लावता येत नाही. तीच शिस्त पाळून पाळी संपवणारा कामगार क्वार्टरवर आल्यावर किटकॅट फ्यूजमध्ये, म्हणजे हाताने तार बांधायच्या फ्यूजमध्ये, जाड तांब्याची तार गुंडाळतो. कारण साधे आहे: हिटर लावला की पातळ तार तगत नाही. पण फ्यूज उडतो तो आतली वायर तापू नये म्हणून. तार जाड केली की जळण्याची पाळी भिंतीतल्या वायरवर येते.

फ्यूजशी छेडछाड करण्याच्या या सवयीचा एक धागा इंग्लंडपर्यंत जातो. तिकडे आगीचा धोका टाळण्यासाठी वायरिंगचे पहिले नियम 1882 मध्ये निघाले. 1947 मध्ये इंग्लंडने नवा चौकोनी पिनांचा टॉप, म्हणजे प्लग, आणला आणि फ्यूज त्या टॉपच्या आतच बसवला. भारत मात्र जुन्या गोल पिनांच्या टॉपवर राहिला. त्यात फ्यूज नाही. सारा भार भिंतीवरच्या फ्यूजवर; तोच बांधायला घरमालकाचा हात सर्वात आधी जातो.

साठच्या दशकापासून तांबे टंचाईचे झाले आणि घरांत ॲल्युमिनियमच्या वायरी आल्या. सागवानी पट्टीवर खिळेक्लिपांनी ठोकलेले ते बॅटन वायरिंग जुन्या घरांत अजून दिसते. ॲल्युमिनियमचा जोड कालांतराने ढिला होतो, तापतो. नुसती चिकटपट्टी गुंडाळलेला जोड आज दिवा पेटवतो आणि पाच वर्षांनी ठिणगी टाकतो. घरच्या कारागिराला हे पटत नाही, कारण त्याच्या हातात टेस्टर असतो आणि टेस्टर त्याला फक्त फेज दाखवतो. वायरीच्या आवरणाची अवस्था मेगर या चाचणी यंत्रानेच कळते. अर्थिंग धड आहे की नाही, याचीही वेगळी चाचणी लागते.

न्यूट्रलबाबतही घरच्या कारागिराची अशीच फसगत होते. जुन्या बोर्डांवर फेज आणि न्यूट्रल दोन्हींना फ्यूज लावलेले असत. न्यूट्रलचा फ्यूज उडाला की दिवा विझतो, पण बोर्डात फेज जिवंत राहतो. मालकाला वाटते वीज गेली, आणि तो होल्डरला हात घालतो. जमिनीशी जोडलेल्या न्यूट्रलमध्ये फ्यूज ठेवू नये, हे नियमात लिहिले होते, पण ते वाचले फक्त परमिटची परीक्षा देणाऱ्यांनी.

तरी वायरमनची बाजू धुतल्या तांदळासारखी म्हणावी, तर तसेही नाही. नव्या मीटरसाठी ठेकेदाराच्या सहीचा टेस्ट रिपोर्ट लागतो. अनेक ठिकाणी काम करणारा एक, परमिट दुसऱ्याचे आणि सही तिसऱ्याची. मेगर न लावताच आकडे भरले जातात, हे गावात उघड गुपित असते. ज्या फिटरने घर उत्तम वायर केले त्याला सहीचा अधिकार नाही, आणि ज्याने घर पाहिलेच नाही त्याला आहे. मग फिटरने नियमाची टर उडवली तर दोष एकट्या त्याला देता येत नाही.

जंगलालगतच्या शेतांत हीच घरगुती कारागिरी फार महाग पडते. रानडुकरांसाठी तारेत थेट वीज सोडली जाते, त्यात चंद्रपूर-गडचिरोलीत माणसे आणि वाघ दोन्ही मेले आहेत. त्याऐवजी वापरायचे सौर कुंपणाचे झटका मशीन क्षणभराचे ठोके देते, सलग प्रवाह देत नाही. देशभरात विजेच्या धक्क्याने दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे मरतात.

2003 च्या वीज कायद्यानंतर 1956 च्या नियमांची जागा 2010 मध्ये केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या विनियमांनी घेतली, पण परवाना, परमिट आणि फ्यूज बदलण्यापुरती सूट ही जुनी रचना तशीच राहिली. बदलले ते मालक आणि वायरमन यांच्यातल्या भांडणाचे साधन. किटकॅटच्या जागी भार वाढला की आपोआप पडणारा एमसीबी आला, आणि वीज गळती झाली की क्षणात बंद पडणारा आरसीसीबी. पावसाळ्यात भिंत ओली झाली की तो वारंवार पडतो. मालक म्हणतो, यंत्रच खराब आहे, डायरेक्ट करून टाका. वायरमन म्हणतो, आधी न्यूट्रल आणि अर्थिंग कुठे चिकटले आहेत ते शोधू. शोधायला भिंत फोडावी लागते आणि तो खर्च मालकाच्या खिशातून जातो.