चौथ्या दाताची साक्ष

फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टिन इथे १८९३ मध्ये पर्यटकांना ॲलिगेटर दाखवणारा एक फार्म सुरू झाला. पुढे त्याचं रूपांतर रीतसर प्राणिसंग्रहालयात झालं आणि शंभर वर्षांनी, १९९३ मध्ये, मगरकुळातल्या तेव्हा मान्य असलेल्या सर्व २३ जाती तिथे एकाच आवारात पाहायला मिळू लागल्या. जगात हे प्रथमच घडत होतं. गंगेची सुसर, यांगत्सेचा ॲलिगेटर आणि ॲमेझॉनचा केमन निसर्गात एकमेकांसमोर येणं अशक्य; इथे मात्र काही पावलांत त्यांची तुलना करता येते.

शास्त्रज्ञांना ही सोय फार उशिरा मिळाली. लिनियसने १७५८ मध्ये साऱ्या मगरी एकाच जातीत घातल्या आणि तिला नाव दिलं ‘लॅसर्टा क्रोकोडिलस’. पाली-सरड्यांसाठी त्याने जी प्रजाती केली होती, तिच्यातच मगरही बसवली. यातला ‘क्रोकोडिलस’ हा शब्द आज दक्षिण अमेरिकेतल्या चष्मेवाल्या केमनच्या शास्त्रीय नावात आहे!

हा गुंता सोडवायला घेतला पॅरिसच्या जॉर्ज क्युव्हिए यांनी. १८०७ च्या निबंधात त्यांनी मगरी, ॲलिगेटर-केमन आणि सुसर असे तीन गट पाडले. त्यांच्या हाती मुख्य खूण होती खालच्या जबड्यातला चौथा दात. खऱ्या मगरीच्या वरच्या जबड्याला त्या जागी कडेला खाच असते, त्यामुळे तोंड मिटलं तरी तो दात बाहेर दिसतो. ॲलिगेटर आणि केमनचा तोच दात वरच्या जबड्यातल्या खळगीत शिरून दिसेनासा होतो. दोनशे वर्षं उलटून गेली, तरी संग्रहालयातले मार्गदर्शक प्रेक्षकांना आधी हाच दात पाहायला सांगतात.

मुस्कटाचा आकार तितका विश्वासाचा नाही. ॲलिगेटरचं मुस्कट रुंद आणि गोलसर, मगरीचं निमुळतं, असं सांगितलं जातं खरं. पण आपल्या कृष्णेत, वाशिष्ठीत दिसणारी मगर या नियमाला चकवते. तिच्या प्रजातीत तिच्याइतकं रुंद मुस्कट दुसऱ्या कुणाचं नाही. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज प्रवाशांनी हिंदुस्थानातल्या मगरींना सर्रास ‘ॲलिगेटर’ म्हटलं. प्रत्यक्षात ॲलिगेटर भारतात कधीच नव्हते. त्यांच्या आज दोनच जाती आहेत, एक अमेरिकेत आणि एक चीनमध्ये.

खुद्द अमेरिकेतही गफलत होत होती. १८७५ मध्ये विल्यम हॉर्नाडे यांनी फ्लोरिडातल्या बिस्केन उपसागराच्या परिसरात एक मगर मारली, तेव्हा ॲलिगेटरांच्या या मुलखात खरी मगरही राहते हे ठामपणे पुढे आलं. हे दोघे निसर्गात एकत्र राहतात ते फक्त दक्षिण फ्लोरिडात.

केमन ॲलिगेटरचाच भाऊबंद. त्याच्या नाकपुड्यांमध्ये ॲलिगेटरसारखा हाडाचा पडदा नसतो आणि पोटावरच्या खवल्यांखाली हाडाच्या चकत्या असतात. चामड्याच्या व्यापाऱ्यांना हे अनुभवाने ठाऊक होतं. या चकत्यांमुळे केमनचं कातडं ताठर निघतं आणि त्याला भाव कमी येतो. मगरीच्या पोटाकडच्या कातड्यावर खवल्यागणिक एक बारीक ठिपका असतो. ती तिच्या स्पर्शज्ञानाची जागा. ॲलिगेटर आणि केमनमध्ये असे ठिपके जबड्यांपुरतेच असतात, म्हणून पर्स किंवा पट्टा पाहूनही जाणकार जनावर ओळखतो.

सर्वांत खोलवरचा फरक १९८१ मध्ये जिभेवर सापडला. खाऱ्या पाण्यातल्या मगरीच्या जिभेवर जास्तीचं मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असल्याचं ऑस्ट्रेलियात सिद्ध झालं. ॲलिगेटर आणि केमनमध्ये अशा ग्रंथी नाहीत. मगरी समुद्र ओलांडून दूरच्या किनाऱ्यांवर का पसरल्या आणि ॲलिगेटर नद्या-दलदलींतच का राहिले, याचं उत्तर बऱ्याच अंशी इथे मिळतं.

ओळख पटवण्याचं हे काम अजून चालू आहे. नेपोलियनच्या मोहिमेबरोबर इजिप्तला गेलेल्या जॉफ्रुआ सेंट-इलेर यांनी १८०७ मध्येच नाईलकाठच्या मगरींत ‘सुकस’ ही वेगळी जात असल्याचं मांडलं होतं. क्युव्हिएंना ते पटलं नाही आणि सुकसचं नाव मागे पडलं. २०११ मध्ये प्राचीन इजिप्शियन मगरींच्या ममींमधला डीएनए तपासला गेला, तेव्हा जॉफ्रुआ यांचं म्हणणं खरं ठरलं.