दोन इंचांची कुळकथा

लग्नातला एखादा उभा फोटो ८ बाय १०च्या फ्रेमसाठी क्रॉप करायला घ्या. कॅमेऱ्यातली फाइल ४००० बाय ६००० पिक्सेलची. आठ इंच रुंदी पुरती ठेवली की उंची भरते बारा इंच, आणि फ्रेमला हवेत दहाच. वरून कापलं तर फेट्याचा तुरा जातो, खालून कापलं तर ओंजळीतल्या अक्षता. आपण क्रॉपची चौकट वर-खाली सरकवत बसतो आणि बोल सॉफ्टवेअरला लावतो. त्या बिचाऱ्याचा यात काही दोष नाही. मापांची दोन घराणी इथे समोरासमोर येतात.

८ बाय १० हे काचेच्या घराण्यातलं माप. एकोणिसाव्या शतकात निगेटिव्ह काचेवर असे आणि तिला कागद भिडवूनच प्रिंट काढत. जेवढी काच, तेवढा फोटो. कागद, पुठ्ठे, फ्रेमा सगळं काचांच्या मापानं घडत गेलं. खुर्चीत बसलेल्या माणसाला ४:५ची चौकट फार शोभते: चेहरा, खांदे, मांडीवरचे हात, वर-खाली रिकामी जागा नाही.

दुसरं घराणं सिनेमाचं. एडिसनच्या प्रयोगशाळेत डिक्सन यांनी ३५ मिलिमीटर फिल्मची घडण केली. तिच्यावरचं मूकपटाचं चित्र १८ बाय २४ मिलिमीटरचं. जर्मनीत वेट्झलारच्या लाइट्झ कारखान्यातल्या ऑस्कर बार्नाक यांना दमा होता, काचांचा जड कॅमेरा वाहून नेणं त्यांना झेपत नसे. १९१३च्या सुमारास त्यांनी तीच फिल्म आडवी चालवून दोन चित्रांची जागा एकाला दिली. १८ची दुप्पट ३६, आणि २४ तसेच. झालं २:३. त्यांचा हा कॅमेरा लायका नावाने १९२५मध्ये बाजारात आला आणि हे माप जगभर रुजलं.

निकॉनने १९४८च्या आपल्या पहिल्या कॅमेऱ्यात २४ बाय ३२ करून पाहिलं. कागदांच्या मापाला ते बरंच जवळचं, पण स्लाइडी कापणारी यंत्रं ३६ला बांधलेली. शेवटी निकॉनलाही ३६वरच यावं लागलं. माझ्या मते पोर्ट्रेटचं नुकसान तिथेच पक्कं झालं. पुढे फिल्म गेली, तरी बहुतेक डीएसएलआरच्या सेन्सरने २:३च उचललं. मोबाइलचा फोटो मात्र बहुधा ३:४, म्हणून तो ८ बाय १०मध्ये कमी कापला जातो.

सॉफ्टवेअरमधलं रुंदी-उंचीच्या गुणोत्तराचं कुलूप उघडून बारा इंच दहात दाबणं मला अजिबात मान्य नाही. चेहरा पसरट होतो, आणि घरच्या माणसाला ते लगेच खटकतं. फोटो काढतानाच दोन पावलं मागे सरकावं, डोक्यावर नि हातांखाली मिळून उंचीचा सहावा हिस्सा सोडावा. तशी जागा सोडलेली नसेल, तर ८ बाय १२चा प्रिंट काढून त्याच मापाची फ्रेम करून घ्यावी. फ्रेमवाले हव्या त्या लांबीची पट्टी कापून देतात.