वसंताची तयारी वसंतात होत नाही



मागच्या भागात आपण बिंबाजी भोसल्यांच्या रतनपूरला जाऊन आलो. आज लांब जायचं नाही. आज मी तुम्हाला भिलाईतल्या माझ्या परसात नेतो. फेब्रुवारीचा पहिला आठवडा आहे आणि वांगी, टोमॅटो, मिरचीची रोपं वाफ्यातून काढून लावायला झाली आहेत. काही जण म्हणतील, कर्नलसाहेबांना निवृत्तीनंतर भाजीचा छंद लागला, त्याचा इतिहासाशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो सैन्याशीच आहे. पीठ, डाळ, तेल, साखर कोठारात भरून ठेवता येतं. हिरवी भाजी ठेवता येत नाही. ती जिथे माणसं आहेत तिथेच पिकवावी लागते, आणि गरज पडायच्या दोन महिने आधी तिचं बी मातीत पडलेलं असावं लागतं. हे ज्यांना उशिरा कळलं, त्यांची गोष्ट आज सांगायची आहे.

आधी भिलाई. सोव्हिएत संघाशी पोलाद कारखान्याचा करार झाला २ फेब्रुवारी १९५५ रोजी, आणि पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते झालं ४ फेब्रुवारी १९५९ रोजी. देशभरातून माणसं आली. त्यांत नागपूरहून आलेले माझे वडीलही होते. सेक्टरमधलं क्वार्टर मिळालं, मागे थोडी मोकळी जागा मिळाली. वडिलांनी हौसेनं कुदळ मारली, तर खाली लाल मुरूम! छत्तीसगडी शेतकरी जमिनीची चार नावं सांगतो : भाटा, मटासी, डोरसा आणि कन्हार. कन्हार म्हणजे आपली काळी, भारी जमीन, आणि भाटा म्हणजे लाल, खडीची, पाणी न धरणारी. आमच्या नशिबी भाटा होती.

त्या मातीला वळण लावलं ते घरी दूध घालायला येणाऱ्या जवळच्या गावच्या एका काकींनी. त्यांनी आईला सांगितलं की भाजी बियांनी सुरू होत नाही, घुरव्यानं सुरू होते. घुरवा म्हणजे उकिरड्याचा खड्डा. शेण, राख, पालापाचोळा वर्षभर त्यात कुजतो आणि तो घरामागच्या बाडीत जातो. छत्तीसगडच्या खेड्यात बाडी ही हौसेची बाग नाही, ते घराचं दुसरं कोठार आहे. तिच्यात लाल भाजी, चेच भाजी, बरबट्टी म्हणजे चवळीच्या शेंगा, मांडवावर तोरई, कुंपणाला मुनगा म्हणजे आपला शेवगा. भाजीपाला पिकवण्यात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला मरार समाज इथे आहे, तो पौष पौर्णिमेला शाकंभरी देवीची जयंती साजरी करतो. तारीख लक्षात घ्या. पौष, म्हणजे ऐन थंडी. उन्हाळी भाजीचा विचार तेव्हा सुरू झालेला असतो.

हे शहाणपण जुनं आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुसऱ्या अधिकरणात शेतीखात्याच्या अधिकाऱ्याची कामं दिली आहेत. त्यात कुठल्या जागी काय लावावं हेही आहे. नदीच्या पाण्याचा फेस जिथवर आपटतो ती जमीन वेलफळांना, विहिरीच्या कडेची जमीन भाज्यांना आणि कंदमुळांना. पेरण्याआधी कोणत्या बियांना काय लावावं, कशी दव आणि ऊन दाखवावं, हेही आहे. म्हणजे बी-बियाण्याची पूर्वतयारी ही राज्यकारभाराची बाब होती, कोणा एकाच्या आवडीची नव्हे.

आता तीन वेढ्यांच्या गोष्टी.

पहिला वेढा कूट-अल-अमाराचा. पहिलं महायुद्ध, मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक. सहावी पूना डिव्हिजन, सेनापती टाउनशेंड. या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडची पोरं. बगदादच्या वाटेवर टेसिफॉनला नोव्हेंबर १९१५ मध्ये मोठी लढाई झाली, फौजेला मागे यावं लागलं, आणि ७ डिसेंबरला तुर्कांनी टायग्रिसच्या वळणावरच्या कूट गावात तिला कोंडलं. वेढा चालला जवळजवळ पाच महिने. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती.

कूटची गोष्ट सांगताना लोक तोफा आणि फसलेल्या सुटकेच्या मोहिमा सांगतात. मला आठवते ती स्कर्व्ही. ताज्या भाजीफळांवाचून होणारा हा आजार. हिरड्या सुजतात, दात हलतात, पाय ठणकतात, भरलेल्या जखमा पुन्हा उघडतात. गोऱ्या सैनिकांनी घोड्याचं मांस खाल्लं, त्यांना स्कर्व्ही कमी झाली. आपल्या बहुतेक शिपायांनी धर्म आणि रिवाजापायी ते फार उशिरापर्यंत नाकारलं, आणि आजाराचा घाला त्यांच्यावर जास्त पडला. त्यांना हट्टी म्हणणं सोपं आहे. पण गावी परतल्यावर जातभाई पंक्तीला घेतील की नाही, ही भीती त्यांच्या लेखी तुर्की गोळीइतकीच खरी होती.

वेढा लांबणार हे दिसल्यावर कूटमध्ये भाजीचं बी पेरलं गेलं. शिपाई रानातला हिरवा पाला तोडून शिजवत होते. पण हिशेब मांडून बघा. मुळा आणि पालेभाजी महिन्याभरात हाती लागते, तीही पाणी, खत आणि राखण असेल तर. हजारो माणसांना रोज पुरेल एवढी भाजी काढायला बिघेच्या बिघे वाफे लागतात, आणि ते डोक्यावर तोफगोळे पडत असताना करायचे! बी पेरायला कुणी चुकलं नाही. चूक तारखेची होती. तो वाफा नोव्हेंबरात तयार असायला हवा होता.

इथे एक गोष्ट आपल्या स्वयंपाकघराची. पहिल्या महायुद्धाच्या काळात लंडनच्या लिस्टर संस्थेत हॅरिएट चिक या शास्त्रज्ञ बाईंनी दाखवलं की कोरड्या कडधान्यात स्कर्व्ही रोखणारा गुण जवळजवळ नसतो, पण तेच भिजवून मोड आणले की तो येतो. जीवनसत्त्व क हे नाव तेव्हा नीट रुळलंही नव्हतं. आपल्याकडे मटकीला मोड आणून उसळ करणाऱ्या घराघरांतल्या बायका हेच करत आल्या होत्या. बी रुजताना त्यात काहीतरी जागं होतं.

दुसरा वेढा लेनिनग्राडचा. ८ सप्टेंबर १९४१ ला जर्मनांनी शहर कोंडलं. त्या हिवाळ्यात ज्यांना काम नव्हतं त्यांना दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळत होता. १९४२ चा वसंत आला तसं शहर उठलं आणि बागा, चौक, मोकळ्या जागा खणून वाफे झाले. सेंट आयझॅक कॅथेड्रलसमोर कोबी लावला गेला. त्याच चौकात निकोलाय वाविलोव्ह यांनी नावारूपाला आणलेली वनस्पती संस्था आहे. जगभरातून गोळा केलेलं गहू, तांदूळ, बटाटा, कडधान्याचं बियाणं तिथे होतं. ते सांभाळणारे काही शास्त्रज्ञ उपासमारीनं मेले, पण बियाण्याला त्यांनी हात लावला नाही. तांदळाच्या संग्रहाची जबाबदारी असलेला माणूस तांदळाच्या पाकिटांमध्ये भुकेनं गेला. वाविलोव्ह स्वतः स्टालिनच्या तुरुंगात, साराटोव्हला, जानेवारी १९४३ मध्ये वारले. वेढा उठला २७ जानेवारी १९४४ ला. अवघ्या अकरा वर्षांनी त्याच देशाशी आपला भिलाईचा करार झाला. लहानपणी सेक्टरमधून जाणारे रशियन साहेब आम्ही कुतूहलानं बघायचो. त्यांच्या पिढीनं काय सोसलं होतं, हे मला सैन्यात गेल्यावर पुस्तकांतून कळलं.

तिसरा वेढा बर्फाचा. लेह, उंची सुमारे साडेअकरा हजार फूट. हिवाळ्यात झोजीला बंद झाला की श्रीनगरकडचा रस्ता तेव्हा महिनोन्‌महिने बंद असायचा. १९६२ मध्ये चीनशी युद्ध झालं आणि हजारो जवान तिथे कायमचे ठेवावे लागले. त्याच वर्षी लेहला संरक्षण संशोधनाची प्रयोगशाळा सुरू झाली, आजची उच्च उन्नतांश संरक्षण संशोधन संस्था. तिच्या कामातला एक मोठा भाग म्हणजे भाजी. जमिनीत चर खणून वर पारदर्शक आच्छादन घालायचं, दिवसा ऊन आत कोंडायचं, मातीची ऊब रात्री धरून ठेवायची. बाहेर गोठलेलं असतानाच आत रोपं तयार करायची, म्हणजे बर्फ वितळताच ती शेतात जातील. लडाखचा उन्हाळा एवढा तोकडा की बी उघड्यावर टाकून वाट बघत बसलं तर पीक यायच्या आत थंडी परत येते. मी तिथे पहिला हिवाळा डबाबंद भाजीवर काढला. मार्चात एका चरातून आलेला पालक ताटात पडला, तेव्हा आमच्या लंगरमध्ये कोणी बोलत नव्हतं. सगळे नुसते खात होते.

तर आता परत माझ्या वाफ्याकडे. निवृत्त होऊन आलो त्या वर्षी मीही कूटचीच चूक केली. थंड देशातल्या बागकामाचं एक पुस्तक वाचून मी 'लवकरचा वसंत' म्हणजे फेब्रुवारीची अखेर धरली आणि तेव्हा टोमॅटोचं बी टाकलं. रोपं लावायला एप्रिल उजाडला. भिलाईत तोवर पारा चाळिशीला टेकतो. फुलं आली आणि गळून गेली, चाळीस रोपांना एक फळ धरलं नाही. त्या पुस्तकातला वसंत थंडी संपण्याची वाट बघतो. आपल्याला उन्हाळ्याच्या आधी पोचायचं असतं.

आता माझं वेळापत्रक ठरलेलं आहे. पावसाळ्यानंतर खड्ड्यात खत कुजत घालायचं. मकर संक्रांतीच्या आसपास गादीवाफा : मीटरभर रुंद, वीतभर उंच, म्हणजे पाणी साचून रोपं कोलमडत नाहीत. बोटाच्या पेराइतक्या अंतरावर बी, सेंटिमीटरभर खोल, वर पेंढ्याचं पांघरूण, झारीनं पाणी. अंकुर दिसताच पेंढा काढायचा. चार-पाच आठवड्यांनी, लावणीआधी चार दिवस पाणी तोडायचं, म्हणजे रोप काटक होतं. आमच्या भाषेत रंगरूट तयार होतो! लावणी नेहमी संध्याकाळी. दुधी, दोडका, काकडीचं बी रात्रभर भिजवून याच दिवसांत पिशव्यांत टाकायचं, कारण वेलांना मुळं हललेली खपत नाहीत. भेंडी आणि गवार सरळ जागेवर.

छत्तीसगड सरकारनं २०१९ च्या सुमारास नरवा, गरुवा, घुरुवा, बाडी अशी योजना काढली, म्हणजे ओढे, गुरं, खतखड्डा आणि परसबाग. २०२० पासून दोन रुपये किलोनं शेणही विकत घेतलं. योजना येतात आणि जातात, त्यावर मी बोलत नाही. पण त्या चार शब्दांचा क्रम बघा. बाडी शेवटी आहे. आधी पाणी, आधी जनावर, आधी खत. दूधवाल्या काकींनी आईला साठ वर्षांपूर्वी हेच सांगितलं होतं.

आमच्या गल्लीत आता बहुतेक मागच्या अंगणांवर फरशी बसली आहे. गाडी ठेवायला बरी पडते. मी कोणाला दोष देत नाही, बाजारात भाजी मिळते. कूटमध्ये कोंडलेल्या त्या मराठा शिपायांनाही डिसेंबरच्या आधी बाजारात भाजी मिळत होती. एवढंच लक्षात असू द्या, आणि जमलं तर चार हात जागा मोकळी ठेवा.

पुढच्या भागात लेहच्याच रस्त्यानं वर जाऊ, झोजीलाच्या लढाईत. तोवर माझी वांगी लागलेली असतील. जय हिंद.